सेसिलिया म्हणजे 'आंधळी' का? लॅटिन स्त्रीनावांचे अर्थ कसे काढावेत

प्रश्न थोडक्यात असा: मुलीसाठी सेसिलिया, क्लॉडिया आणि ऑरेलिया ही तीन नावं मनात आहेत, नावांच्या यादीत त्यांचे अर्थ 'आंधळी', 'लंगडी' आणि 'सोनेरी' असे दिलेत, रोमन माणसं पोटच्या पोरींना अशी नावं का ठेवत, आणि लॅटिन नावाचा खरा अर्थ शोधायचा कसा?

रोमन बाप मुलीला 'आंधळे' म्हणून हाक मारत नव्हता. बहुतेक वेळा तो नाव निवडतच नव्हता. कुळाचं नाव मुलीला आपसूक लागायचं, शेवटचा पुल्लिंगी 'उस' जाऊन 'आ' यायचा, की झालं नाव. यादीत छापलेला अर्थ त्या कुळनावातल्या धातूचा असतो, आणि तोही पुष्कळदा ऐकीव. म्हणून लॅटिन स्त्रीनाव हातात आलं की आधी ते कुठल्या थरातलं आहे हे बघायचं: कुळाचं, उपनावाचं, ख्रिस्ती धर्मातून आलेलं, की गेल्या चारशे वर्षांत एखाद्या लेखकाने घडवलेलं. थर कळला की अर्थ पुष्कळदा तिथेच सुटतो. थर न बघता थेट शब्दकोश उघडला की 'आंधळी' आणि 'लंगडी' हाती लागतात.

पहिला थर कुळाचा. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळातल्या प्रतिष्ठित रोमन पुरुषाचं नाव तीन भागांचं असे. मार्कस टुलियस सिसेरो घ्या. मार्कस हे घरात हाक मारायचं नाव, टुलियस हे कुळाचं, आणि सिसेरो हे त्या शाखेला चिकटलेलं उपनाव ('सिसेर' म्हणजे हरभरा). त्याच्या मुलीचं नाव टुलिया. बस, एवढंच. पत्रांतून तो तिला लाडाने टुलिओला म्हणतो, पण ते लघुरूप झालं. तिच्यासाठी वेगळं असं काही निवडलेलं नव्हतं. याच न्यायाने ज्युलियसांच्या घरची ज्युलिया, कॉर्नेलियसांची कॉर्नेलिया, अँटोनियसांची अँटोनिया, लिव्हियसांची लिव्हिया.

यातली अडचण उघड आहे. ज्युलियस सीझरच्या आत्याचं नाव ज्युलिया, दोन बहिणींची नावं ज्युलिया आणि मुलगीही ज्युलियाच. बहिणी दोन असल्या की थोरलीला 'मायोर' आणि धाकटीला 'मिनोर' जोडत. मार्क अँटनी आणि ऑक्टेव्हियाच्या दोन मुली इतिहासात थोरली अँटोनिया आणि धाकटी अँटोनिया म्हणूनच ओळखल्या जातात. दोनांहून जास्त झाल्या की सरळ आकडे: प्रीमा, सेकुंडा, टर्शिया. ब्रूटसची आई सर्व्हिलिया हिच्या तीन मुली ज्युनिया प्रीमा, ज्युनिया सेकुंडा आणि ज्युनिया टर्शिया. म्हणजे 'टर्शिया'चा अर्थ शब्दशः तिसरी, आपल्या तृतीयेशी थेट नात्यातला शब्द. सेप्टिमा आणि सप्तमी, डेसिमा आणि दशमी या जोड्याही तशाच. ऑक्टेव्हिया मात्र फसवी आहे. मुळात तो शब्द 'आठवा' याच अर्थाचा, अष्टमीचा सोयरा. पण अँटनीची बायको ऑक्टेव्हिया काही आठवं अपत्य नव्हती. ती ऑक्टेव्हियस कुळातली होती, एवढाच त्याचा अर्थ.

पूर्वी मुलींनाही हाक मारायचं स्वतंत्र नाव असे. लुसिया, गाया वगैरे नावं जुन्या शिलालेखांत सापडतात. मुलीचं नामकरण जन्मानंतर आठव्या दिवशी आणि मुलाचं नवव्या दिवशी व्हायचं, आपल्या बारशासारखंच, फक्त तीन-चार दिवस आधी. पुढे वरच्या घराण्यांत ही व्यक्तिनावं मागे पडली. 'गाया' मात्र एका मजेदार रूपात टिकली. गुलामाला मुक्त केलं की त्याच्या नावापुढे मालकाच्या व्यक्तिनावाचं आद्याक्षर कोरत. मालक बाई असेल तर तिला व्यक्तिनाव नसायचं, मग कोरायचं काय? गायस या नावाची खूण म्हणजे सी हे अक्षर. ते उलटं फिरवून कोरलं की 'गायाचा', म्हणजे कुणा तरी बाईचा, मुक्त केलेला. शिलालेखाच्या छायाचित्रात हा उलटा सी दिसला की अनेकजण त्याला कोरक्याची चूक समजतात. ती चूक नव्हे.

लग्नानंतर नाव बदलत नसे, हेही लक्षात ठेवा. रोमजवळ आप्पिया रस्त्यावर एक भलीमोठी गोल समाधी आहे. तिच्यावर फक्त तीन ओळी आहेत. पहिलीत 'काएकिलिआए', दुसरीत 'क्यू. क्रेतिकी एफ.', तिसरीत 'मेतेल्लाए क्रासी'. उलगडा असा: नाव सेसिलिया (जुना उच्चार काएकिलिआ), कुळ काएकिलियसांचं, वडील क्विंटस, ज्यांना क्रीट जिंकल्याबद्दल 'क्रेतिकस' ही पदवी होती, 'एफ.' म्हणजे 'फिलिया', कन्या. मेतेल्ला हे काएकिलियसांतल्या मेतेल्लस शाखेचं स्त्रीलिंगी रूप. आणि शेवटचं 'क्रासी' ही षष्ठी, म्हणजे क्रॅससची पत्नी. नवरा सगळ्यांत शेवटी, तोही नुसत्या विभक्तीत. या शिलालेखात 'आंधळी' कुठेच नाही. ही बाई कुणाची लेक आणि कुणाची बायको, एवढंच तिचं नाव सांगतं, आणि त्या काळी नावाचं कामही तेवढंच होतं.

आता तुमची तीन नावं.

सेसिलिया: 'काएकस' म्हणजे आंधळा हे खरं. पण काएकिलियस कुळ स्वतःला प्राइनेस्ते नगराचा संस्थापक काएकुलस याचे वंशज म्हणवून घेई. हा काएकुलस अग्निदेव व्हल्कनचा मुलगा, आणि धुराने त्याचे डोळे किलकिले झाले होते अशी कथा. पूर्वजाच्या टोपणनावावरून कुळ, कुळावरून मुलगी, अशी ही दोन पायऱ्यांची उतरण आहे. त्यातली पहिली पायरीसुद्धा दंतकथेची. मध्ययुगात तर हेच नाव उलट दिशेने फुलवलं गेलं. तेराव्या शतकातल्या एका गाजलेल्या संतचरित्रसंग्रहात त्याची फोड 'काएली लिलिया', म्हणजे स्वर्गातली कमळिणीसारखी लिली, अशी केली आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती शुद्ध थाप, पण युरोपातल्या आईबापांनी सहाशे-सातशे वर्षं मुलींना हे नाव ठेवलं ते याच भावनेने.

क्लॉडिया: 'क्लाउडस' म्हणजे लंगडा. पण रोमनांची स्वतःची परंपरा वेगळं सांगते. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस अट्टस क्लाउसस नावाचा, रोमशेजारच्या सॅबाइन जमातीचा एक सरदार आपल्या माणसांसह रोमला येऊन स्थायिक झाला, आणि त्याच्या सॅबाइन नावाचं रोमन रूप क्लॉडियस झालं. म्हणजे नाव परक्या बोलीतून आलं आणि लॅटिन कानांना ते 'लंगडा'सारखं वाटलं. पुढे सम्राट क्लॉडियस खरोखरच पाय ओढत चालायचा, हा निव्वळ योगायोग; त्याच्या जन्माच्या कितीतरी शतकं आधीपासून नाव होतं.

ऑरेलिया: इथे यादीने उलटी चूक केली आहे. 'आउरुम' म्हणजे सोनं, म्हणून सोनेरी. ऐकायला गोड, पण जुने रोमन व्याकरणकार सांगतात की हे कुळ मुळात 'आउसेलिई', सूर्यावरून पडलेलं सॅबाइन नाव. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधला 'स' कालांतराने 'र' झाला. त्याच नियमाने व्हॅलेरियाचं जुनं रूप व्हॅलेसिया. पहाटेची देवी ऑरोरा हिच्या नावातही हाच 'स' दडलेला आहे, आणि ती आपल्या वेदातल्या उषस् हिची सख्खी बहीण. तेव्हा घरात उषा नावाची आजी असेल आणि तिच्या नावाचं लॅटिन भावंड हवं असेल, तर ऑरोरा घ्या. इतकी पक्की जोडी दुसरी नाही.

ऑरेलियाबद्दल आणखी एक गोष्ट. इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळपास सर्व मुक्त रहिवाशांना नागरिकत्व दिलं. त्याचं अधिकृत कुळनाव ऑरेलियस, म्हणून नवे नागरिक बहुतेक सगळे ऑरेलियस आणि ऑरेलिया झाले. इजिप्तमधले त्यानंतरचे पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे दस्तऐवज) उघडले तर पानापानावर ऑरेलिया भेटतात, पुढे ग्रीक किंवा इजिप्शियन नाव. तिथे ऑरेलियाचा अर्थ ना सोनं ना सूर्य. तो नागरिकत्वाचा शिक्का. मुक्त झालेल्या दासींचंही तसंच. मालकाचं कुळनाव आधी आणि स्वतःचं जुनं नाव नंतर. नाटकांत काम करणारी सिथेरिस मुक्त झाली तेव्हा मालक व्होलुम्नियसवरून व्होलुम्निया सिथेरिस झाली. नुसतं 'ज्युलिया' दिसलं म्हणून ती सीझरच्या रक्ताची, असं समजून वंशावळी जोडणारे पुष्कळ आहेत. ती सिरियातून आणलेल्या दासीची नातही असू शकते.

कुळनावांतली आणखी काही पटकन सांगतो. पोर्शिया 'पोर्कस' म्हणजे डुकरावरून, फाबिया 'फाबा' म्हणजे वाल-घेवड्यासारख्या शेंगेवरून. शेतकरी समाजाची नावं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. फ्लाव्हिया पिवळसर केसांवरून, फुल्व्हिया तांबूस-पिंगट रंगावरून. एमिलियाचा संबंध 'आएमुलस', म्हणजे बरोबरी करू पाहणारा, याच्याशी लावतात. व्हॅलेरियात 'व्हालेरे', धडधाकट असणं. लुसिया हे लुसियस या व्यक्तिनावाचं स्त्रीरूप. पहाटेच्या उजेडात जन्मलेला तो लुसियस असं रोमन पंडित व्हॅरो लिहितो, आणि त्यातला 'लुक्स' म्हणजे प्रकाश आपल्या 'रुच्' धातूचा नातलग.

दुसरा थर उपनावांचा, आणि अर्थ शोधणाऱ्याला खरी मेजवानी इथे आहे. साम्राज्य आल्यावर सगळ्या बहिणींना एकच कुळनाव पुरेना. कलिगुला सम्राटाच्या तीन बहिणी बघा: ज्युलिया अग्रिपिना, ज्युलिया ड्रुसिला, ज्युलिया लिव्हिला. तिघी ज्युलियाच, पण हाक मारायला आता दुसरं नाव आलं, आणि ते नातलगांवरून घडवलेलं. आईचे वडील अग्रिप्पा, म्हणून अग्रिपिना. वडिलांकडचे आजोबा ड्रूसस, म्हणून ड्रुसिला. पणजी लिव्हिया, म्हणून लिव्हिला. त्यातले 'इना' आणि 'इला' हे प्रत्यय ओळखायला शिकलात तर निम्मं काम झालं. 'इला', 'एला', 'उला' हे लघुत्वाचे: प्रिस्का म्हणजे जुन्या वळणाची, प्रिस्किला तिचं लाडकं रूप, उर्सा म्हणजे अस्वलीण, उर्सुला म्हणजे अस्वलीचं पिल्लू, मार्सेला हे मार्कस-मार्सेलसवरून, आणि त्यांच्या मुळाशी युद्धदेव मार्स. 'इना' म्हणजे 'च्या संबंधातली': मरीना समुद्राची, मार्टिना मार्सची, फॉस्टिना 'फाउस्टस' म्हणजे शुभ याच्यावरून. 'आना'सुद्धा तसाच: ज्युलियाना, तातियाना. या तातियानाचं मूळ सॅबाइन राजा तातियसचं नाव. रोमच्या एका हुतात्मा संतिणीमुळे ते पूर्वेकडे गेलं आणि रशियात घट्ट रुजलं. मॉस्को विद्यापीठ स्थापण्याचा हुकूम १२ जानेवारी १७५५ रोजी, नेमका तिच्या सणाच्या दिवशी निघाला, म्हणून तिथले विद्यार्थी आजही तो दिवस पाळतात. मराठी घरांतली तान्या तिथूनच आली.

साधी विशेषणंही याच थरातली: पाउला लहानखुरी, क्लारा उजळ किंवा नामवंत, सबिना सॅबाइन जमातीची, व्हेरा खरी (रशियन 'व्हेरा' वेगळी, तिचा अर्थ श्रद्धा). इथे विशेषणाचा अर्थ तोच नावाचा अर्थ, शब्दकोश बेधडक उघडा. एक गंमत मात्र ध्यानात ठेवा: सगळ्यांत शुभ अर्थाची नावं गुलामांची असत. फेलिसितास (सौख्य), फोर्तुनाता (भाग्यवान), हिलारा (आनंदी) अशी नावं मालक विकत घेतलेल्या पोरींना देत. कुलीन मुलीला अर्थाची गरज नव्हती, तिच्याकडे कुळ होतं.

मग हा उतरंडीचा खेळ उलटा कसा झाला? ख्रिस्ती धर्माने केला. इ.स. २०३ मध्ये कार्थेजच्या आखाड्यात व्हिबिया पर्पेतुआ ही खानदानी तरुणी आणि फेलिसितास ही दासी एकत्र मारल्या गेल्या, आणि दोघींची नावं कायमची जोडीने घेतली जाऊ लागली. रोमन मिस्साच्या (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेच्या) मुख्य प्रार्थनेत मारियाखेरीज सात स्त्रियांची नावं ओळीने येतात: फेलिसितास, पर्पेतुआ, अगाथा, लुसिया, अग्नेस, सेसिलिया, अनास्तासिया. युरोपात आणि पुढे जगभर ही नावं इतकी का पसरली, याचं अर्धं उत्तर या एका ओळीत आहे. गावोगावच्या चर्चमध्ये ती शतकानुशतकं कानांवर पडत राहिली. पण सातांपैकी चारच लॅटिन आहेत. अगाथा (चांगली), अग्नेस (शुद्ध) आणि अनास्तासिया (पुनरुत्थान) ही ग्रीक.

अग्नेसचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. ग्रीक 'हाग्ने' म्हणजे पवित्र. लॅटिनभाषकांना त्यात 'आग्नुस', कोकरू, ऐकू आलं. चित्रकार तिच्या पायाशी कोकरू काढू लागले, आणि आजही २१ जानेवारीला, तिच्या सणाला, रोममध्ये दोन कोकरांना आशीर्वाद देतात; त्यांच्या लोकरीपासून आर्चबिशपांच्या खांद्यावरच्या पट्ट्या विणल्या जातात. व्युत्पत्ती चुकीची, विधी खरा. अशा नावाचा अर्थ सांगताना दोन्ही सांगावेत: मूळ काय, आणि लोकांनी काय मानलं.

या काळात नव्याने घडलेली नावं अर्थासाठीच घडली, त्यामुळे ती सोपी आहेत. रेनाता म्हणजे पुन्हा जन्मलेली, बाप्तिस्म्याच्या अर्थाने. त्यातला 'नाता' आपल्या 'जात'चा भाऊ. नातालिया 'नातालिस' म्हणजे जन्मदिवसावरून, इथे ख्रिस्तजन्माचा दिवस; तिचं रशियन लाडकं रूप नताशा, जे आता पुण्या-मुंबईच्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर सापडतं. बेनेडिक्टा आशीर्वाद लाभलेली. डोमिनिका प्रभूची. रेजिना म्हणजे राणी, राज्ञीची थेट चुलतबहीण. बिआट्रिस जरा तिढ्याची आहे. जुन्या नोंदींत हे नाव 'व्हियात्रिक्स', वाटसरू स्त्री, असं येतं. 'बेआतुस' म्हणजे धन्य या शब्दाच्या ओढीने ते 'बेआत्रिक्स' झालं. त्यातला 'त्रिक्स' हा कर्ती दाखवणारा स्त्रीप्रत्यय, संस्कृतच्या 'त्री'चा जोडीदार: लॅटिन 'गेनेत्रिक्स', संस्कृत 'जनित्री'.

स्टेला म्हणजे तारा, आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे. पण येशूच्या आईला, मरियमेला, 'समुद्रतारा' का म्हणतात त्याची कथा लेखनिकाच्या चुकीची आहे. बायबलचा लॅटिन अनुवादक संत जेरोम याने मिर्यम या हिब्रू नावाची फोड 'स्तिल्ला मारिस', समुद्राचा थेंब, अशी केली होती. नकला होता होता एक स्वर बदलला, थेंबाचा तारा झाला आणि तोच टिकला.

चौथ्या थराला फार वेळ देण्याची गरज नाही. मिरांडा, पर्डिटा ही शेक्सपिअरने लॅटिन धातूंतून घडवलेली. मिरांडा म्हणजे नवल करावं अशी, पर्डिटा म्हणजे हरवलेली. ऑलिव्हिया त्याच्या आधी तुरळक दिसते, लोकप्रिय त्याच्यामुळे झाली. अमांडा सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश रंगभूमीवरून रूढ झाली. प्रेम करण्याजोगी ती अमांडा. हा 'आंडा' आपल्या दर्शनीय, माननीयमधल्या 'अनीय'सारखं काम करतो. लॅटिन शंभर टक्के, पण ज्युलियस सीझरच्या घरात या नावाची पोर शोधू नका.

आता लॅटिन भासणारी पण नसलेली. व्हेरोनिका हे मॅसिडोनियन ग्रीक बेरेनिकेचं रूप. 'व्हेरा इकोना', खरी प्रतिमा, ही फोड नंतरची. रोझमंड जर्मानिक, त्यात गुलाब नाही, घोडा आणि रक्षण आहे. अमेलिया जर्मानिक, एमिलिया लॅटिन. दोघींची शतकानुशतकं सरमिसळ झाली आहे. मोनिका ही संत ऑगस्टीनची आई, उत्तर आफ्रिकेतली. 'मोनेरे', सल्ला देणे, याच्याशी तिचं नाव मागाहून जोडलं गेलं. मारिया दोन आहेत! एक हिब्रू मिर्यमवरून, दुसरी मारियस कुळाची रोमन लेक. रोमन मारियातला 'रि' ऱ्हस्व, म्हणून आघात 'मा'वर. ख्रिस्ती मारियातला 'री' दीर्घ, म्हणून आघात 'री'वर. आज स्पॅनिश किंवा इटालियन माणूस 'मारीया' म्हणतो तेव्हा दुसरीच ऐकू येते.

स्वतः शोधायचं असेल तर माझा क्रम असा. आधी स्थानिक रूप सोलून लॅटिन रूपापर्यंत जा: लुसी, लुझिया, लुचिया, लुसिला यांतली पहिली तीन एकाच लुसियाची, चौथं तिचं लघुरूप. मग शेवट बघा. 'इया' असेल तर 'इउस'वालं पुरुषी कुळनाव आहे का ते तपासा. असेल तर अर्थ कुळाचा, धातू दुय्यम. 'इया'च्या आधी 'त' किंवा 'न्त' असेल तर दोनदा तपासा: टेरेन्शिया कुळनाव आहे, पण कॉन्स्टान्शिया, प्रुडेन्शिया, लेटिशिया ही भाववाचक नामं आहेत: स्थैर्य, विवेक, हर्ष. त्यानंतर बाईचं नाव म्हणून ते सर्वांत आधी कधी दिसतं ते शोधा. रोमन शिलालेखांचा 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम लॅटिनारम' हा बर्लिनमध्ये १८५३ साली सुरू झालेला संग्रह यासाठीच आहे. दीड लाखाहून जास्त लेख, आणि त्यांतले बरेच आता ऑनलाइन शोधता येतात. तिथे नाव असेल तर पहिले दोन थर. नसेल आणि संतनामावळीत असेल तर तिसरा. दोन्हीकडे नसेल तर बहुधा चौथा. शब्दकोश सगळ्यांत शेवटी.

तिसऱ्या थरातली नावं शोधताना व्याकरण आडवं येतं. लॅटिनमध्ये प्रथमेचं रूप आणि मूळ अंग वेगळं असू शकतं, जसं आपल्याकडे राजा आणि राजन्. आधुनिक नावं सहसा अंगावरून आली आहेत. प्रथमा फेलिसितास, अंग 'फेलिसितात', पोर्तुगीज फेलिसिदाद. प्रथमा पिएतास (भक्ती, पुढे करुणा), पोर्तुगीज पिएदाद. प्रथमा कोन्सेप्शिओ (गर्भधारणा), अंग 'कोन्सेप्शिओन', पोर्तुगीज कोन्सेसांव. गोव्यातल्या आणि वसईच्या किरिस्तांव घरांतली पुष्कळ नावं या एका नियमाने उलगडतात. पणजीच्या मोठ्या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला असतं ते याच कोन्सेसांव सायबिणीचं, म्हणजे मरियमेच्या निष्कलंक गर्भसंभवाचं. कोकणीत पोर्तुगीज शेवटाचा 'आंव' होतो, 'सांजांव' या गोव्यातल्या सणाच्या नावात होतो तसा. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीचं नाव 'मिराकुलुम' म्हणजे चमत्कार. पोर्तुगीजने त्यातले र आणि ल यांची अदलाबदल केली, म्हणून एकदम ओळखू येत नाही. दोलोरेस हे स्पॅनिश रूप, 'दुःखे' असं अनेकवचन. पोर्तुगीजने मधला ल गाळला आणि दोरेस केलं. या नावांबद्दल एक सावधगिरी: पिएदाद, कोन्सेसांव, रोझारिओ, अगदी मारियासुद्धा पुरुषांच्या नावांत येते. जोझे मारिया हा पुरुषच असतो. जुन्या नोंदीत नुसत्या नावावरून लिंग ठरवू नका.

आणि नोंदीच चाळणार असाल तर आणखी एक. गोव्यात चर्चच्या नोंदी बहुधा पोर्तुगीजमध्ये सापडतील, पण युरोपातल्या आणि इतर मिशनांच्या जुन्या बाप्तिस्मा-वह्या पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात आणि तिथे नाव विभक्तीसकट लिहिलेलं असतं. साचा असा: 'बाप्तिझावी लुसियाम, फिलियाम योआनिस एत मारिए', म्हणजे 'योहान आणि मारिया यांची कन्या लुसिया हिला बाप्तिस्मा दिला'. लुसियाम ही द्वितीया, सीताम् असते तशीच. 'मारिए' ही षष्ठी. वंशावळीत 'लुसियाम' आणि 'मारिए' नावाच्या पूर्वजा नोंदवलेल्या आढळतात त्या यामुळे. 'बेआत्रिसेम' दिसलं तर ते बेआत्रिक्स, 'आग्नेतेम' दिसलं तर आग्नेस. शेवटचा म दिसला की तो काढा आणि मग नाव वाचा.

राहिलं देवनागरी. सिसेरोच्या काळात सी हे अक्षर सगळीकडे 'क', व्ही म्हणजे 'व', आणि जे हे अक्षर नव्हतंच. त्यामुळे त्या काळचा उच्चार काएकिलिआ, वालेरिआ, यूलिआ. चर्चमधल्या इटालियन वळणाच्या लॅटिनमध्ये चेचिलिया, पोर्तुगीजमध्ये सेसिलिया. मराठीत सेसिलियाच लिहावं. इंग्रजी वळणाने 'सिसिलिया' लिहिलं की वाचणाऱ्याला सिसिली बेट आठवतं, आणि त्या बेटाशी या नावाचा संबंध नाही. आघाताचा नियम आपल्या लघु-गुरूसारखाच आहे: शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. म्हणून मरीना, रेजीना, कामिल्ला यांत मधल्यावर, उर्सुलात पहिल्यावर, ऑरेलियात 'रे'वर. जन्मदाखल्यावर रोमन लिपीतलं स्पेलिंग एकदाच ठरवा आणि तेच सगळीकडे ठेवा. सेसिलिया 'सीए' ने लिहिली तर ती प्राचीन रोमन, 'सीई' ने लिहिली तर ख्रिस्ती परंपरेतली; पासपोर्ट कार्यालयाला दोन्ही चालतात, पण दोन कागदांवर दोन स्पेलिंगं मात्र चालत नाहीत.